दार जड लागतं म्हणून गाडी भक्कम नसते

वाचकाचं पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, वय 26, मालनपूरच्या एका कारखान्यात नोकरी. रोजचा फेरा पन्नासेक किलोमीटरचा. आतापर्यंत मोटरसायकल होती, आता गाडी घ्यायची आहे. कॉलेजात मित्राची स्विफ्ट चालवली तेव्हापासून दुसरी गाडी मनात आलेली नाही. सगळा खर्च धरून सव्वापाच लाखांच्या आत बसायला हवं, म्हणून जुनीच बघतोय.

दोन स्विफ्ट पाहिल्या. पहिली 2016 ची, जुन्या पिढीची व्हीएक्सआय (मधलं मॉडेल) पेट्रोल. थाटीपूरच्या एका डॉक्टरांची आहे, एकच मालक, ग्वाल्हेरचाच एमपी-07 चा नंबर, 54 हजार किलोमीटर, सगळी सर्व्हिस कंपनीत. ते चार लाख म्हणतात. दुसरी 2019 ची, त्यानंतरच्या पिढीची व्हीएक्सआय पेट्रोल. डीलरकडे उभी आहे, नंबर दिल्लीचा, 46 हजार किलोमीटर, 4 लाख 70 हजार. डीलर म्हणतो, दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंदी आहे म्हणून एवढी स्वस्त मिळतेय.

बाबांचं मत पक्कं आहे. जुनीचं दार लावून बघ, आवाजच सांगतो. नवी म्हणजे नुसता पत्रा. मला मात्र नवी चालवताना फार चपळ वाटली. आई-बाबा आणि आजीला घेऊन शिवपुरी, ओरछा असं जायचंही असतं. कोणती घेऊ? आणि घेतल्यावर अलॉय चाकं आणि रुंद टायर टाकले तर चालतील का?

– तुमचा एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर

प्रिय मित्रा,

पुढचं वाचण्याआधी थाटीपूरला जा आणि त्या 2016 च्या गाडीच्या स्टिअरिंगच्या मधोमध काय लिहिलंय ते बघ. तिथे एअरबॅगची अक्षरं आहेत की नुसतं कंपनीचं चिन्ह? त्या पिढीत साध्या व्हीएक्सआयला एअरबॅग नव्हत्या. वरच्या झेडएक्सआयला होत्या, आणि 2015 च्या अखेरीपासून खालच्या मॉडेलांनाही जादा पैसे मोजले तर मिळत होत्या. अशा गाडीच्या मॉडेलच्या नावात शेवटी ‘ओ’ असतो. तू पत्रात फक्त ‘व्हीएक्सआय’ लिहिलं आहेस, म्हणजे बहुधा एअरबॅग नाहीत, एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. तसं असेल तर ती गाडी सोडून दे. डॉक्टरांनी ती कितीही जपलेली असो, किंमत सत्तर हजारांनी कमी असो, आजीला आणि आई-बाबांना घेऊन झाशी रोडवर ट्रकांच्या मधून जायचं असेल तर ती तुझ्यासाठी नाही.

आणि एअरबॅग व एबीएस दोन्ही निघाले, तर माझं उत्तर उलटं आहे: डोळे मिटून डॉक्टरांची घे. सगळा इतिहास समोर असलेली, एका हातची, आपल्याच आरटीओची गाडी ही कुठल्याही पिढीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

आता बाबांच्या म्हणण्याकडे येतो, कारण ग्वाल्हेरच्या अर्ध्या घरांत हाच वाद चालतो आणि तो नीट सोडवणं गरजेचं आहे. त्यांचं निरीक्षण खरं आहे. आपल्याकडे ऑगस्ट 2011 मध्ये आलेली स्विफ्ट पेट्रोलमध्ये साधारण 960 किलोची होती. फेब्रुवारी 2018 मध्ये आलेली त्यानंतरची पिढी मॉडेलप्रमाणे 855 ते 880 किलोंच्या दरम्यान आहे. म्हणजे सुमारे शंभर किलो कमी. हे वजन दारात, बॉनेटमध्ये, डिकीच्या झाकणात हाताला जाणवतं. पण दाराचा बाहेरचा पत्रा धडक झेलत नाही. धडक झेलतात ती पत्र्याच्या आत न दिसणारी हाडं: पुढच्या दोन लांब पट्ट्या, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, दाराखालचा उंबरठा, फरशी. नव्या पिढीत कंपनीने हा सांगाडाच बदलला, जास्त ताकदीचं पोलाद वापरलं आणि जोड कमी केले, त्यामुळे वजन उतरलं. दाराच्या आवाजावरून यातलं काहीच कळत नाही. तो आवाज रबराचा, कुलपाचा आणि पत्र्यामागच्या पट्ट्यांचा असतो.

मग नवीन पिढी भक्कम आहे का? तुला खोटा दिलासा देणार नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेने दोन्ही पिढ्या ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या आहेत. 2014 मध्ये जुन्या पिढीची एअरबॅग नसलेली स्विफ्ट तपासली, तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य तारे मिळाले. 2018 मध्ये दोन एअरबॅगवाली नवी तपासली, तिला दोन तारे मिळाले. 2022 मध्ये नियम कडक झाल्यावर त्याच पिढीला एकच तारा मिळाला. दोन्हींचा सांगाडा त्यांनी डळमळीतच ठरवला. म्हणजे बाबांना नवी तकलादू वाटते यात तथ्य आहे, पण जुनी तिच्यापेक्षा भक्कम आहे याला कसलाच आधार नाही. फरक पडतो तो हा की 2018 पासून या गाडीच्या अगदी खालच्या मॉडेललाही दोन एअरबॅग आणि एबीएस असतेच. बाबांना हे आकडे दाखव. सुरक्षा हीच पहिली अट असेल तर तुमच्या घरात स्विफ्टवरच नव्याने बोलणं व्हायला हवं: टियागोला त्याच संस्थेने 2020 मध्ये चार तारे दिले, 2014 मध्ये एअरबॅगवाल्या पोलोलाही चारच. पोलो चालवायलाही छान आहे, फक्त 2022 मध्ये ती बंद झाली आणि तिची दुरुस्ती स्विफ्टएवढी स्वस्त पडत नाही. तुझं मन स्विफ्टवर आहे हे मला कळतं, म्हणून पुढचं त्याच गाडीबद्दल लिहितो.

तुला नवी चपळ वाटली, ती का? दोन्ही गाड्यांत इंजिन एकच आहे, 1197 सीसीचं चार सिलिंडरचं के-सीरिज पेट्रोल, ताकद 83-84 अश्वशक्ती. इंजिन बदललंच नाही, ओझं उतरलं. जुनीत दर टनामागे साधारण 87 अश्वशक्ती येते, नवीत 95-96. तिसऱ्या गिअरला ताशी 40 वर असताना पाय दाबलास की हा फरक लगेच कळतो. ओव्हरटेक करताना तर जास्तच. मालनपूरच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा ओलांडताना तेच हवं असतं. ब्रेकलाही शंभर किलो कमी थांबवायचे असतात, वळणावरही गाडी पटकन तोंड फिरवते. छोट्या गाडीतली मजा हीच. डिकीही 204 लिटरची 268 झाली, आजीची पिशवी आणि पाण्याचा कॅन मांडीवर घ्यावा लागणार नाही. पेट्रोलची टाकी मात्र 42 लिटरवरून 37 वर आली आहे.

पण जुनीची बाजूही ऐक, कारण गाडी चालवायची आवड असलेल्याला ती भुरळ घालतेच. तिच्या स्टिअरिंगला वजन आहे. वळण संपल्यावर चाक हातातून आपणहून सरळ होतं, पुढची चाकं कुठे आहेत ते तळव्याला कळतं. नव्या पिढीत स्टिअरिंग शहरासाठी हलकं केलं आणि मधल्या भागात ते थोडं मुकं आहे. महाराज बाड्याच्या बाजारातल्या गर्दीत सुख, ताशी शंभरला शिवपुरी रोडवर जरा सावध राहायला लावणारं. वेगात जुनी रस्त्याला चिकटून असल्यासारखी वाटते. मोहन्याच्या पुढे जंगलातून जाणाऱ्या वळणांवर मला स्वतःला जुनीच जास्त आवडते. तरी मी तुला ती घे म्हणत नाही, कारण त्या आनंदासाठी एअरबॅग सोडावी एवढा तो मोठा नाही.

आता दिल्लीची गाडी. नवी पिढी घे म्हणजे हीच गाडी घे, असं नाही. डीलरचं वाक्य तपासून पाहू. दिल्ली आणि आसपासच्या भागात राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि पुढेही हा विषय न्यायालयात पुन्हापुन्हा गेला. त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या डिझेल गाड्या तिकडून आपल्याकडे स्वस्तात येतात, हे खरं आहे. पण तुझी गाडी पेट्रोलची आणि 2019 ची आहे. पंधरा वर्षांच्या हिशेबाने तिला तिथे 2034 पर्यंत कसलीच अडचण नव्हती. मग मालकाने ती का विकली, आणि दिल्लीसारख्या मोठ्या बाजारात न खपता ती साडेतीनशे किलोमीटर लांब ग्वाल्हेरला का आली? कारण साधंही असू शकतं, बदली झाली असेल, मोठी गाडी घेतली असेल. पण बंदी हे कारण नाही, आणि जो डीलर ते कारण सांगतो त्याच्या बाकीच्या प्रत्येक वाक्याचा कागद मागायचा.

पहिला कागद आरसी. त्यावर आधीचे मालक किती, त्यांत एखादी कंपनी आहे का ते बघ. भाड्याने देणाऱ्या कंपन्या आणि ऑफिसांच्या ताफ्यातल्या गाड्या खूप चाललेल्या असतात आणि विकताना त्यांचा मीटर मागे फिरवलेला सापडतो. मग नंबर सांगून मारुतीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला जुना इतिहास विचार. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर नोंदवलेले असतात. 2021 मध्ये 60 हजार आणि आज 46 हजार असं निघालं की तिथूनच परत फीर. इतिहास काही काळानंतर तुटला असेल तर क्लचचा पेडल, स्टिअरिंगचा कव्हर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड बघ. 46 हजारांत पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही.

परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि चलानं तपास. दिल्लीत कॅमेऱ्यांची चलानं भरपूर होतात आणि ती नव्या मालकाच्या गळ्यात पडतात. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस. दुसऱ्या राज्यातली गाडी म्हणून दिल्ली आरटीओचं ना हरकत पत्र (एनओसी), म्हणजे फॉर्म 28, लागतं. सोबत विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेली गाडी तिथे पुन्हा नोंदवावीच लागते, म्हणून ‘दिल्लीचाच नंबर चालू द्या’ हा सल्ला ऐकू नकोस. आणि तेव्हा मध्य प्रदेशचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो. बयाणा देण्याआधी तो आकडा ग्वाल्हेरच्या आरटीओतून काढून आण. 4 लाख 70 हजारांत तो मिळवला, वर विमा आणि चार टायर धरले, की सव्वापाच लाखांतलं किती उरतं ते दिसेल. मला वाटतं फार उरणार नाही, आणि सौदा करायला तुझं खरं हत्यार हेच आहे. दुसरं हत्यार असं की 22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या नव्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. कोरी गाडी स्वस्त झाली की वापरलेलीचा भाव पूर्वीचाच राहू शकत नाही. हे डीलरलाही ठाऊक असतं, फक्त गिऱ्हाईक बोलत नाही.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना, आणि आधीच फोन करून सांग की सुरू करून ठेवू नका. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. पेटलाच नाही तर बल्ब काढलेला आहे किंवा तार दुसऱ्या दिव्याला जोडलेली आहे. अपघातात उडालेल्या एअरबॅग पुन्हा बसवायला पैसे लागतात, म्हणून काहीजण नुसतं झाकण चिकटवून गाडी विकतात. तू ही गाडी ज्या कारणासाठी घेतो आहेस, नेमकं तेच तिच्यात नाही असं व्हायला नको. स्कॅनर असलेल्या मिस्त्रीला घेऊन जा आणि एअरबॅगचा संगणक तपासून घे. हे मी विनंती म्हणून नाही, अट म्हणून सांगतोय.

नंतर चारही दारांचं रबर ओढून खालची जोडाची गोल टिकल्यांची रांग बघ. कंपनीच्या टिकल्या सारख्या अंतरावर, सारख्या खोल असतात. डेंटरने जोडलेल्या भागात त्या नसतात किंवा वेड्यावाकड्या असतात. बॉनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे, एखाद्याच काचेवर वेगळं वर्ष, डिकीतला स्टेपनीचा खड्डा सुरकुतलेला, हे सगळं बोलकं असतं. फेंडर किंवा बंपर बदललेला असेल तर चालेल, शहरात घासतेच. खांब किंवा पुढची लांब पट्टी ठोकून सरळ केलेली असेल तर गाडी फुकटही घेऊ नकोस.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा पट्टा आत गुंडाळलेल्या भागात मातकट राहतो, धुताना तिथवर कोणी जात नाही. ऑगस्ट 2021 च्या पुरात आपल्या भागातल्या, शिवपुरी-श्योपूरकडच्या गाड्याही पाण्यात गेल्या होत्या, म्हणून एमपीच्या नंबरची गाडी बघतानाही हे कर.

चालवताना खिडक्या बंद, एसी चालू, गाणी बंद. कंपूच्या गल्ल्यांतल्या गतिरोधकांवरून हळू ने. पुढून टकटक आली तर लिंक रॉड किंवा बुश गेलेत, हे स्वस्तातलं काम. उभ्या गाडीत स्टिअरिंग डावं-उजवं हलवताना दांड्यातच खटखट असेल तर ते महाग पडू शकतं, तेवढे पैसे भावातून काप. क्लच पाहायला किल्ल्याच्या उरवाई गेटचा चढ उत्तम, पण तिथे गर्दी असते, सकाळी लवकर जा. चढावर तिसऱ्या गिअरला पाय दाबल्यावर इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही, तर क्लच संपला. एसी दुपारच्या उन्हातच तपास, आपल्याकडच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर सकाळचा गारवा काहीच सांगत नाही.

एक गोष्ट तुझ्या आवडीची. 1 जुलै 2019 पासून बनलेल्या गाड्यांत ताशी 80 च्या पुढे इशाऱ्याचा आवाज होतो आणि 120 च्या पुढे तो थांबतच नाही. पेट्रोल स्विफ्ट बीएस-6 मध्ये, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या नव्या, कडक नियमांप्रमाणे, त्याच सुमारास, जून 2019 मध्ये आली. तेव्हा 2019 ची म्हणजे नेमक्या कुठल्या महिन्यातली आणि बीएस-4 की बीएस-6, हे आरसीवर वाच. दोन्हींचा भाव एक असू नये.

ही गाडी यातल्या कुठल्याही मोठ्या गोष्टीत नापास झाली तर परत थाटीपूरकडे वळू नकोस, थांब. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात अलीकडच्या वर्षांत नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते, त्यामुळे मेळ्यात नवी घेणारे आपली जुनी तेव्हाच काढतात. 2018 नंतरची एमपी-07 ची एका हातची स्विफ्ट त्या दिवसांत शोध. डीलरकडे येण्याआधीच ती गाठायची असेल तर ओळखीच्या मिस्त्रींना, ऑफिसात आणि बाबांच्या मित्रमंडळींत आत्तापासून सांगून ठेव. व्हीएक्सआयच हवी असं नाही, साधी एलएक्सआय मिळाली तरी दोन्ही एअरबॅग तिच्यातही आहेत.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचीही काळजी तुला कोणीतरी घालेल. तुझ्या दोन्ही गाड्या 20 टक्के मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत, तेव्हा हा मुद्दा निवडीत धरू नकोस. मायलेज जरा कमी धर आणि सर्व्हिसला पेट्रोलच्या रबरी नळ्या बघायला सांग.

आणि अलॉय. व्हीएक्सआयला 14 इंची चाकं आणि 165/80 चे टायर असतात, झेडएक्सआयला कंपनीच 15 इंची चाकांवर 185/65 चे टायर देत होती. जायचं तर एवढंच जा. त्याहून रुंद टायरने गाडी जड होते, स्टिअरिंग रस्त्याच्या चरांमागे धावतं आणि तुला जी चपळाई आवडली तीच जाते. विमा कंपनीला बदल कळवलाच पाहिजे, नाहीतर दावा करताना अडचण येते. पहिल्या महिन्यात मात्र पैसे चाकांच्या दिखाव्यावर नको, टायरच्या वयावर घाल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. गाडी कमी चालली असेल तर त्यांची नक्षी नव्यासारखी दिसेल, पण इतक्या उन्हाळ्यांत रबर दगडासारखं कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. तसे निघाले तर चारही बदल, ब्रेकचं तेलही त्याच दिवशी बदल, आणि विमा स्वतःच्या नावावर करायचा अर्ज आरसीच्या पाठोपाठ चौदा दिवसांच्या आत दे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तो त्याच्याबरोबरच जातो. विम्याचा आकडा काढताना हे धरून चाल.

– काका